गिअर हातात: एका व्हीलचेअरची गोष्ट

आजचा भाग खास मेकॅनिकलवाल्यांसाठी. फायनल इयरचा प्रोजेक्ट व्हायव्हा झाला की स्टोअररूममध्ये धूळ खात पडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज एका अशा विद्यार्थ्याबद्दल बोलू, ज्याची वस्तू लोकांच्या घरापर्यंत पोचली.

साल २००५. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकणारा एमॉस विंटर टांझानियाला गेला. तिथले लोक व्हीलचेअर कशा वापरतात, ते बघायला. साधी व्हीलचेअर घरात ठीक, पण कच्च्या वाटेवर अडते. आणि हातानं पॅडल मारायची तीनचाकी, आपल्याकडेही दिसते ती, रस्त्यावर चालते पण घरात शिरत नाही. मग माणसानं शाळेत, कामावर जायचं कसं?

त्याला एकच खुर्ची हवी होती: दोन्हीकडे चालणारी, साधारण २०० डॉलरची आणि गावातल्या सायकलवाल्याला दुरुस्त करता येईल अशी. तिचं नाव 'लिव्हरेज्ड फ्रीडम चेअर'.

तिची गंमत ऐका. दोन्ही बाजूंना उभे दांडे, त्यांना सायकलची चेन आणि फ्रीव्हील. दांडा पुढे ढकलला की चाक फिरतं. वरच्या टोकाला धरलं की जोर जास्त मिळतो, चढावर कामाला येतो. खाली धरलं की तेवढ्याच ढकलण्यात चाक जास्त फिरतं, वेग मिळतो. म्हणजे महागडे गिअर नकोतच, गिअर हातच बदलतो! दांडे मागे ओढले की ब्रेक. घरी आल्यावर दांडे काढून ठेवले की झाली नेहमीची व्हीलचेअर.

पण २००९ मध्ये पूर्व आफ्रिकेत चाचणी झाली आणि वापरणाऱ्यांनी तोंडावर सांगितलं: जड आहे, घरात मावत नाही. वजन होतं जवळपास ३० किलो! टीमनं सुमारे ९ किलो कमी केले, रुंदी घटवली आणि ग्वाटेमालात पुन्हा चाचणी घेतली. पुढे जयपूर फूटवाल्या संस्थेबरोबर भारतातही.

मला विचाराल तर तरफेचा नियम जुनाच आहे, तो आपण शाळेतच शिकतो. खुर्ची सुधारली ती वापरणाऱ्यांच्या तक्रारींमुळे. ते न बोलते, तर ती ३० किलोचीच राहिली असती.

तेव्हा प्रोजेक्ट ठरवताना सॉफ्टवेअर नंतर उघडा. आधी ज्याच्यासाठी बनवताय, त्याच्या घराचा दरवाजा मोजून या. भेटू पुढच्या भागात!