मधुमेहींच्या हाडांची फसवी घनता

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी आल्यास ऑस्टिओपोरोसिस, अर्थात हाडांचा ठिसूळपणा, असल्याचे मानले जाते. टाइप २ मधुमेह असलेल्या स्त्रियांमध्ये मात्र घनता पुरेशी दिसूनही खुब्याचे हाड मोडण्याचा धोका अधिक असतो. रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे हाडांतील कोलॅजेन या प्रथिनाची लवचिकता कमी होते. अधू दृष्टी, पायांचा बधिरपणा आणि साखर एकाएकी उतरल्याने येणारी भोवळ यांमुळे तोल जाऊन पडण्याची शक्यताही वाढते. पायोग्लिटाझोन या औषधानेही स्त्रियांमध्ये अस्थिभंगाचा धोका वाढतो. त्यामुळे केवळ समाधानकारक अहवालावर विसंबू नये. पूर्वीचा अस्थिभंग, वारंवार पडणे आणि सुरू असलेली औषधे यांची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी; औषध मात्र परस्पर बंद करू नये.