क्रिप्टिक क्रॉसवर्ड

क्रिप्टिक क्रॉसवर्ड (गूढ शब्दकोडे) हा शब्दकोड्याचा एक प्रकार आहे. सामान्य शब्दकोड्यात प्रत्येक शब्दासाठी समानार्थी शब्द किंवा माहितीवजा प्रश्न दिलेला असतो. क्रिप्टिक क्रॉसवर्डमधील प्रत्येक संकेत मात्र स्वतःच एक छोटे कोडे असतो. वरवर वाचता त्यातून एखादे चित्र किंवा विधान डोळ्यांपुढे येते, परंतु ते बहुधा दिशाभूल करणारे असते. हा प्रकार विसाव्या शतकात ब्रिटिश वृत्तपत्रांत विकसित झाला. भारतात ‘द हिंदू’सारख्या इंग्रजी दैनिकांतून तो नियमित प्रसिद्ध होतो.

संकेताची रचना

क्रिप्टिक संकेताचे सर्वसाधारणपणे दोन भाग असतात. एका भागात उत्तराची व्याख्या असते, तर दुसऱ्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या किंवा शब्दखंडांच्या साहाय्याने घडवण्याची कृती दिलेली असते. व्याख्या संकेताच्या आरंभी किंवा अखेरीस येते, मध्यभागी येत नाही. शेवटी कंसात उत्तरातील अक्षरांची संख्या देतात. दोन्ही भाग एकमेकांपासून स्वतंत्र असून एकाच उत्तराकडे नेतात, हे या प्रकाराचे मुख्य लक्षण होय.

या दुहेरी रचनेची गरज कोड्याच्या चौकटीशीही निगडित आहे. अमेरिकी पद्धतीच्या शब्दकोड्यात जवळजवळ प्रत्येक अक्षर आडव्या व उभ्या अशा दोन शब्दांत येते, त्यामुळे उत्तर आपोआप पडताळले जाते. ब्रिटिश चौकटीत साधारण निम्मी अक्षरे एकाच शब्दात येतात. त्यामुळे उत्तर बरोबर असल्याची खात्री पटवण्याचे काम बऱ्याच अंशी संकेतालाच करावे लागते.

संकेतांचे प्रमुख प्रकार

पुढील उदाहरणे स्पष्टीकरणासाठी मराठीत रचलेली आहेत. त्यांत स्वरचिन्हासह येणारे प्रत्येक अक्षर एक धरले आहे.

लपलेला शब्द: ‘मऊ सतरंजीत लपलेले गोड पीक (२)’. व्याख्या ‘गोड पीक’. ‘मऊ सतरंजी’ या सलग अक्षरांत ‘ऊस’ दडलेला आहे.

उलट क्रम: ‘बिचारी, उलटी वाहणारी नदी (२)’. ‘नदी’ हा शब्द उलटा वाचल्यास ‘दीन’ मिळतो. व्याख्या ‘बिचारी’.

अक्षरांची फेररचना: ‘विस्कटलेले कमल, माळी बांधतो ते (३)’. ‘विस्कटलेले’ हा शब्द अक्षरांचा क्रम बदलण्याची सूचना देतो. ‘कमल’पासून ‘कलम’ तयार होते आणि माळी कलम बांधतो.

दोन व्याख्या: ‘पराभव गळ्यात पडतो (२)’. उत्तर ‘हार’. पराभव या अर्थी हा शब्द स्त्रीलिंगी, तर फुलांच्या माळेच्या अर्थी पुल्लिंगी आहे. येथे कृती नसते. दोन अर्थच एकमेकांची साक्ष देतात.

शब्दखंडांची जोड: उत्तराचे तुकडे क्रमाने जोडले जातात. याचे उदाहरण पुढील विभागात दिले आहे.

सामावणे: एका शब्दाच्या पोटात दुसरा शब्द किंवा अक्षर बसवले जाते. ‘कच’ म्हणजे केस; त्याच्या मध्ये ‘व’ हे अव्यय बसवल्यास ‘कवच’ होते.

अनेक संकेतांत यांपैकी दोन किंवा अधिक पद्धती एकत्र वापरल्या जातात.

उकल आणि स्पष्टीकरण

‘गाढवापुढे पहिला स्वर लावून चहात घालतात ती (३)’ हा संकेत घेऊ. वाचकाच्या मनात प्रथम ‘गाढवापुढे वाचली गीता’ ही म्हण येते, पण हा दिशाभुलीचा भाग आहे. उकल करताना वाक्याचा वरवरचा अर्थ बाजूला ठेवून व्याख्या कोणत्या टोकाला असू शकेल हे पाहतात. येथे ‘चहात घालतात ती’ ही व्याख्या संभवते. केवळ तिच्या आधारे ‘वेलची’ हे उत्तर सुचू शकते. ते तीन अक्षरी आहे, स्त्रीलिंगी आहे आणि अर्थालाही जुळते. परंतु उरलेल्या शब्दांतून ‘वेलची’ घडत नाही. सप्तकातील पहिला स्वर ‘सा’ आणि गाढवाला संस्कृतोद्भव शब्द ‘खर’. ‘खर’च्या पुढे ‘सा’ ठेवल्यास ‘साखर’ मिळते.

म्हणून क्रिप्टिक क्रॉसवर्डमध्ये उत्तर सापडणे आणि त्याचे स्पष्टीकरण देता येणे या दोन वेगळ्या पायऱ्या मानल्या जातात. अनुभवी सोडवणारे अनेकदा व्याख्येवरून किंवा जुळलेल्या अक्षरांवरून आधी उत्तर ओळखतात व नंतर कृतीशी ताडून पाहतात. संकेतातील प्रत्येक शब्दाचे कार्य सांगता आले, एकही शब्द निरुपयोगी उरला नाही, तरच उकल पूर्ण समजली जाते.

इतिहास

लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन यांनी रचलेले आणि पहिले आधुनिक शब्दकोडे मानले जाणारे कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्यातील संकेत साधे होते. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये एडवर्ड पॉइस मॅथर्स यांनी पूर्णतः गूढ संकेतांची कोडी रचण्यास सुरुवात केली. ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने त्यांची कोडी १९२६ पासून ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये प्रसिद्ध होऊ लागली. मॅथर्स हे अनुवादकही होते. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिका’ या संस्कृत काव्याचे त्यांनी इंग्रजी रूपांतर केले होते. ‘द टाइम्स’मधील शब्दकोडे १ फेब्रुवारी १९३० रोजी सुरू झाले.

१९३९ मध्ये मॅथर्स यांच्या निधनानंतर डेरिक सॉमरसेट मॅकनट यांनी ‘झिमेनीझ’ या नावाने ही परंपरा चालवली. त्यांच्यानंतर १९७२ पासून जोनाथन क्राउदर ‘अझेड’ या नावाने कोडी रचू लागले. ही तिन्ही टोपणनावे स्पॅनिश धर्मन्यायालयाच्या प्रमुखांवरून घेतलेली आहेत. पैकी ‘अझेड’ हे ‘देझा’ या नावाची रोमन अक्षरे उलटी लिहून तयार झाले आहे. अमेरिकेत या प्रकाराचा परिचय करून देण्यात संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांनी १९६८ पासून ‘न्यूयॉर्क’ नियतकालिकासाठी रचलेल्या कोड्यांचा मोठा वाटा आहे.

प्रामाणिकतेचे नियम

आरंभीच्या काळात संकेत कितपत अस्पष्ट असावेत याला मर्यादा नव्हती. ए. एफ. रिची यांनी ‘अफ्रीत’ या नावाने १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असे तत्त्व मांडले, की रचनाकाराने वाचकाला चकवावे, परंतु संकेताचे शब्द काटेकोरपणे वाचल्यास त्यांतून अभिप्रेत उत्तरच निघाले पाहिजे. मॅकनट यांनी १९६६ च्या पुस्तकात हे नियम तपशिलाने मांडले. अचूक व्याख्या, प्रामाणिक कृती आणि त्यांखेरीज अन्य काहीही नसणे, हा त्यांचा सारांश होय. या नियमांना अनुसरणाऱ्या शैलीस ‘झिमेनियन’ म्हणतात. काही रचनाकार विनोद किंवा कल्पकतेसाठी त्यांत सवलत घेतात आणि अशा सवलतीच्या योग्यतेबाबत मतभेद आहेत.

मराठी भाषेच्या संदर्भात

संस्कृत साहित्यशास्त्रात प्रहेलिकांचा विचार झालेला असून दंडीने ‘काव्यादर्श’ या ग्रंथात त्यांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. ज्या पद्यातच उत्तर दडलेले असते त्यास अंतर्लापिका म्हणतात. तिचे ‘लपलेला शब्द’ या प्रकाराशी साम्य आहे. क्रिप्टिक क्रॉसवर्डचा उगम मात्र स्वतंत्र आहे.

मराठीत असे संकेत रचताना एकक कोणते मानावे हे आधी ठरवावे लागते. अक्षर हे एकक मानल्यास ‘नवरा’ची फेररचना करून ‘वानर’ मिळत नाही, कारण आकार ‘रा’ला जोडलेला आहे, स्वर व व्यंजने सुटी धरल्यास मात्र मिळते. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे यांबाबतही असाच निर्णय आवश्यक असतो. शिवाय मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘गाढवापुढे’ या एकाच शब्दात घटक आणि त्याचे स्थान सांगणारी सूचना एकवटलेली आहे. हे नियम आधी स्पष्ट केलेले असतील, तरच सोडवणाऱ्याला आपले उत्तर स्वतः पडताळता येते.