सांध्यातला लेप

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले चारठाणा ओळखले जाते ते जुन्या देवळांसाठी. इथे एकेकाळी तीनशे साठ देवळे होती, असे परंपरा सांगते. तो आकडा शब्दशः घ्यायचे कारण नाही. गोकुळेश्वराचे मंदिर, पायऱ्यांनी उतरत जाणारी बारव आणि गावातला उंच कोरीव स्तंभ एवढेही या जागेचे जुने वैभव पटवायला पुरेसे आहे. अशा वास्तूंवर लिहिणारे बहुतेक जण शिल्पांवर लिहितात. इथे विषय आहे तो दोन दगडांमधल्या सांध्याचा. दोन कठीण पृष्ठभाग एकमेकांवर बसवताना मधली फट कशाने आणि किती भरायची, हा प्रश्न यादवकाळातल्या पाथरवटापुढे होता. आज संगणकाच्या प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावणाऱ्या कारागिरापुढेही तोच आहे. दोन्ही धंद्यांचा इतिहास पाहिला तर एकच नियम हाती लागतो: मुख्य काम पृष्ठभागांनी करायचे, लेपाने फक्त उरलेली फट भरायची, आणि तो लेप पातळ, हालचाल सोसणारा व पुढे काढता येणारा असावा. हा नियम मोडला की नुकसान होते, आणि आज चारठाण्यासारख्या गावांतल्या जुन्या बांधकामांना त्याच नुकसानीचा धोका आहे.

अशा देवळांच्या बांधणीला आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मोठ्या अधिकारावर होता. अंबरनाथचे शिवमंदिर मात्र 1060 सालचे आहे. तेव्हा ही पद्धत त्याच्या दोनशे वर्षे आधीच कारागिरांच्या हाती पक्की बसली होती. तिचे मर्म दगडाच्या बैठकीत आहे. काळ्या बसाल्टचा चिरा ज्या बाजूने खालच्या थरावर टेकणार, ती बाजू छिन्नीने घासूनपुसून सपाट केली जाई. जिथे चिरा सरकण्याची भीती, तिथे एका दगडात खाच आणि दुसऱ्यात तिच्यात बसेल असे कुसू काढीत. वरच्या थरांचे वजन खालचा सांधा दाबून धरी, आणि छत पेलायला कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकून मधला चौक लहान लहान करीत नेत. चुना टाळणे हे या पद्धतीचे व्रत नव्हते. बैठक इतकी नेमकी घडवली जाई की भार वाहायला चुन्याची गरजच पडत नसे.

म्हणून त्या काळी लेपाची विद्या नव्हती असे नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत वज्रलेपाला स्वतंत्र अध्याय दिला आहे. टेंभुर्णीची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, सालईच्या बिया, वेखंड असे पदार्थ पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचे. त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल कालवायचे आणि तो लेप गरम असताना लावायचा, असा त्याचा विधी आहे. देऊळ, वाडा, लिंग, मूर्ती, भिंत आणि विहीर ही त्याच्या वापराची ठिकाणे. यांतली बरीच झाडे मराठवाड्याच्या डोंगरमाळांवर आजही भेटतात. या यादीवरून कळते ते असे की भार पेलण्याचे काम घडवलेल्या दगडाकडे होते, आणि राळ, तेल, डिंक यांचे लेप पृष्ठभाग राखायला व बारीक भेगा बुजवायला होते. पुढे चुना सर्रास आला, घाणीत मळलेला, गूळ आणि बेलफळाचे पाणी घातलेला. त्याचीही दरज दगडापेक्षा मऊच राहिली.

आता प्रोसेसरकडे वळू. 1960 नंतरच्या दशकात पॉवर ट्रान्झिस्टर तापू लागले, तेव्हा ते आणि अ‍ॅल्युमिनियमची हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग, यांच्यामध्ये सिलिकॉनच्या ग्रीसमध्ये झिंक ऑक्साइड घोटलेली पांढरी पेस्ट लावण्याची रीत रूढ झाली. घरच्या संगणकात ती पोहोचली 1990 नंतर, 486 आणि पेंटियमच्या पिढीबरोबर. पेस्ट लागण्याचे कारण साधे आहे. डोळ्यांना आरशासारखे दिसणारे दोन धातूचे पृष्ठभाग फक्त सूक्ष्म उंचवट्यांवर टेकतात. खरा स्पर्श पुष्कळदा शेकडा एकदोन भागांपुरताच असतो. उरलेल्या जागेत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, हवेची 0.026. चांगली पेस्ट या मोजपट्टीवर दहाच्या आतबाहेर असते, म्हणजे हवेच्या कित्येक पट वर आणि तांब्याच्या कित्येक पट खाली. एवढ्यावरून निर्णय होतो: जिथे हवा आहे तिथे पेस्ट हवी, जिथे धातू धातूला भिडला आहे तिथे ती नको. म्हणूनच जाणता कारागीर मधोमध वाटाण्याएवढा थेंब ठेवतो, आणि हीट सिंकचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, थोडे थोडे आवळत तो थेंब दाबाने पसरू देतो. देवळात वरच्या थरांचे वजन करते ते काम इथे स्क्रू आणि स्प्रिंग करतात.

लेप बदलून बैठकीची उणीव भरून निघत नाही, याचा पुरावा याच धंद्याच्या इतिहासात आहे. 2012 मध्ये इंटेलने आयव्ही ब्रिज प्रोसेसरमध्ये चिप आणि तिच्यावरचे धातूचे झाकण यांच्यामधला डाखाचा सांधा काढून पेस्ट वापरली, आणि तापमान चढल्याची ओरड झाली. हौशी लोकांनी झाकणे उघडून पाहिली, तेव्हा दोष एकट्या पेस्टचा निघाला नाही. कडेच्या गोंदाच्या जाडीने झाकण वर उचलले जाऊन मधली फटच वाढली होती. गोंद खरवडून झाकण खाली बसवले की तापमान उतरे. दुसरा पुरावा हालचालीचा. चिपचे सिलिकॉन तापून जितके प्रसरण पावते त्याच्या सुमारे सहापट तांबे पावते. ग्राफिक्स कार्ड रोज तापते, निवते, आणि या ओढाताणीत पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. म्हणून अलीकडे गरम झाल्यावर मऊ होऊन फटीत टिकणारे पदार्थ पुढे आले. ताठ आणि घट्ट डकवणारा गोंद मात्र या कामाला सहसा योग्य मानत नाहीत, कारण तो चिपला तडा देऊ शकतो आणि पुढची दुरुस्ती अशक्य करतो.

मंदिर आणि संगणक यांची ही जोडी ओढूनताणून आणलेली आहे, असा आक्षेप येईल. एकात भार वाहतो, दुसऱ्यात उष्णता. पण दोन्ही सांध्यांत वाहणारी गोष्ट उंचवट्यांच्या स्पर्शातूनच जाते आणि दोन्हींना उन्हाची किंवा विजेची धग हलवत राहते. परभणीच्या मे महिन्यात काळा दगड दिवसा भाजतो, रात्री निवतो. मीटरभर लांबीचा बसाल्टचा चिरा तीस अंशांच्या फरकाने सुमारे दीड-दोन दशांश मिलिमीटर वाढतो. सिमेंटचा गिलावा साधारण त्याच्या दुप्पट. कोरडा सांधा ही हालचाल मुकाट्याने सोसतो. त्यात सिमेंट भरले की एक तर सिमेंट सुटते, नाही तर दगडाची कड उडते, आणि आत अडकलेले पाणी क्षार घेऊन दगडातूनच बाहेर पडते. या तुलनेतून आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता असला दावा मुळीच निघत नाही. निघते ते इतकेच की पदार्थांचे नियम काळ बघत नाहीत, आणि ज्याने हाताने सांधा घडवला त्याला ते कळले.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आणि अधिक वजनदार आहे. सिमेंट स्वस्त आहे, गवंड्याला येते, गळती लगेच थांबवते. मळलेला चुना करणारे हात कमी उरले आहेत. हे खरे आहे. तरीही स्वस्ताईचा हिशेब पुढच्या दुरुस्तीसह मांडावा लागतो. प्रोसेसरवरची पेस्ट काही वर्षांनी पुसून नवी लावता येते, म्हणूनच ती स्वस्त पडते. सिमेंट काढताना मात्र दगडाचा टवका जातो, आणि आठशे वर्षांपूर्वी छिन्नीने सपाट केलेली बैठक पुन्हा मिळत नाही. मराठवाड्यात बारवांमधला गाळ उपसण्याची उमेद अलीकडे लोकांत जागी झाली आहे आणि ती मोलाची आहे. तिच्यासोबत एक शिस्त यायला हवी: आधी ढळलेला दगड मूळ बैठकीवर आणावा, मग उरलेल्या दरजेत चुनाच भरावा, तोही आत दाबून, दर्शनी कडेवर न फासता. संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम शिकणाऱ्या पोरालाही पेस्ट जास्त लावू नये हे पहिल्या आठवड्यात सांगितले जाते. देवळाच्या आणि बारवेच्या दुरुस्तीची निविदा काढणाऱ्यांनी तेवढीच अट कागदावर लिहावी, आणि काम पाहणाऱ्या गावकऱ्यांनी ती पाळून घ्यावी.