जतचे कारागीर आणि सरकारी खरेदी

डफळे घराण्याच्या जत संस्थानात ‘सरकार’ म्हणजे गावातलाच वाडा. खरेदी करणारा कारभारी ओळखीचा, माल नजरेखालचा. इंग्रजी मुलखातील रीत अगदी निराळी होती. तेथील खात्यांचा पुष्कळसा माल दीर्घकाळ लंडनमार्फत येई. हिंदुस्थानातच खरेदी करणारे स्वतंत्र खाते १९२२ साली निघाले. येथील विणकरास त्या खात्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढील वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्यासच सांगली हे नाव मिळाले. राज्य लोकांचे झाले, ही गोष्ट आनंदाचीच. परंतु गिऱ्हाईक मात्र वाड्यातून उठून मुंबई-दिल्लीस गेले, आणि त्याची भाषा टेंडराची झाली.

घोंगडीचेच पाहा. दख्खनी मेंढीची काळी लोकर, हातचे सूत, चिंचोक्याची खळ आणि खड्डामाग यांतून निघालेली कोणतीही दोन घोंगडी हुबेहूब सारखी नसतात. टेंडरात मात्र लांबी, रुंदी व वजन ठरलेले, नगांची संख्या मोठी, वर बयाणा रक्कम आधी भरावयाची. एकट्या माणसाला हे कसे झेपावे? आमच्या मते त्याचे खरे दुखणे मालाच्या दर्जात नव्हते, भांडवलात होते.

ही अडचण सरकारच्याही ध्यानी आली. १९५५ साली राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाले. २०१२ च्या आदेशाने केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांच्या खरेदीत सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २० टक्के वाटा ठरला. २०१८ साली तो २५ टक्के झाला. त्यांस बयाणा माफ आहे. त्यांचा भाव सर्वांत कमी भावाहून १५ टक्क्यांपर्यंत अधिक असला, तरी तो कमी भाव मान्य केल्यास खरेदीचा काही हिस्सा त्यांस मिळू शकतो. २०१६ पासून ‘जेम’ या सरकारी संगणकीय बाजारात जतेत बसूनही माल मांडता येतो. मोठ्या मागणीस मात्र आजही सहकारी संस्थेवाचून गत्यंतर नाही.

राहता राहिला पैसा. माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत बिल चुकते करावे, न केल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असा २००६ चा कायदा आहे. दाद मागण्यास सुविधा परिषदही आहे. पण अर्ज करणाऱ्यास पुढील वर्षी त्याच दारी माल घेऊन जावयाचे असते, आणि लोकरवाल्याचे देणे तर आजच उभे असते.