कागदावरची कुळी आणि पायातला घोडा

आमच्या भागात जनावर पारखायची एक ठरलेली रीत होती. खोंड असो, म्हैस असो की घोडी असो, आधी पाय बघायचे, मग दात, मग डोळे. सगळ्यात शेवटी विचारायचं, "कुणाच्या दावणीचं?" बाजारातला दलाल मात्र उलट्या टोकानं सुरुवात करायचा. अमक्या पाटलाच्या दावणीचं, आईनं इतकं दूध दिलं, बापानं शर्यत मारली, ही कहाणी आधी. म्हातारी माणसं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "नाव मोठं, लक्षण खोटं." पण हीच माणसं सोयरीक जमवताना "खाण तशी माती" म्हणत समोरच्याची चार पिढ्यांची माहिती उकरून काढायची. दोन्ही म्हणी एकाच तोंडात नांदत होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. वळू निवडताना कुठली म्हण कधी धरायची, हाच सगळा पेच.

हा पेच सगळ्यात महागात पडतो तो शर्यतीच्या घोड्यांत. आमच्या घरात तो आला थोरल्या चुलत्यांमुळे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर तात्यांनी मोतद्दार म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. पावसाळ्यात पुण्याला शर्यती आणि हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर, त्यामुळं पुण्याच्या आसपास घोड्यांची पैदास करणारे फार्म उभे राहिले आणि जवळच्या खेड्यांतल्या कित्येक घरांची चूल त्या तबेल्यांवर पेटली. खरारा करायचा, चंदी घालायची, घोडी विणार असली की रात्र रात्र जागायचं, हे तात्यांचं काम. घोड्याच्या आईबापांची नावं त्यांना पाठ होती, पण त्यावर त्यांचा फार भरवसा नव्हता. "कागुद डोळ्यानं वाचायचा आन् घोडा हातानं वाचायचा," असं म्हणायचे. बोलता बोलता त्यांचा हात घोड्याच्या गुडघ्यावरून नळीवर आणि नळीवरून खुरापर्यंत जायचा. कुठं ऊब लागते, कुठं सूज आहे, हे त्या हाताला कळायचं.

हा घोडा म्हणजे थरोब्रेड. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकात ही जात घडली. पूर्वेकडून नेलेले तीन घोडे, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन, हे तिचे मूळपुरुष मानतात. आजच्या कुठल्याही थरोब्रेडच्या बापाची वाट मागं मागं नेली, तर ती या तिघांपैकी एकाच्या दारात जाते. 1791 मध्ये त्यांच्या वंशावळीची पहिली वही, जनरल स्टड बुक, छापून निघाली. तेव्हापासून ज्याचं नाव वहीत नाही तो थरोब्रेड नाही. आपल्याकडं कुळकट बघणारे भाट असत, तसलंच हे, फक्त घोड्यांचं आणि छापील.

या धंद्याचा हिशेबही समजून घ्यायला हवा. गाईला आता इंजेक्शनानं भरवता येतं, थरोब्रेडला ती मुभा नाही. घोडी वळूकडं न्यावीच लागते, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. घोडी गाभण राहिली की अकरा महिने. शिंगरू झालं की ते शर्यतीत उतरायला दोन-तीन वर्षं. म्हणजे आज निवडलेला वळू बरा की वाईट, हे कळायला निदान तीन-चार वर्षं जातात. तोवर त्याच वळूची आणखी तीन सालांची पैदास कुरणात उभी असते. घोडीत खोड असली तर ती वर्षाला एका शिंगरात उतरेल. वळूत असली तर एकाच मोसमात पन्नास-शंभर शिंगरांत. म्हणून वळूची निवड म्हणजे गावच्या विहिरीत काय सोडायचं ते ठरवण्यासारखं आहे. पाणी सगळ्यांनी प्यायचं असतं.

या निवडीचा एक जुना आणि चांगला नोंदलेला दाखला इंग्लंडातला आहे. तिथल्या चेशर परगण्यात ईटन इथं वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकचं स्टड होतं. 1883 साली तिथं ऑर्मंड नावाचं शिंगरू जन्मलं. बाप बेंड ऑर, 1880 ची डर्बी जिंकलेला. आई लिली ॲग्नेस, तीही शर्यतींत नाव काढलेली. ऑर्मंडनं 1886 मध्ये टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या. आयुष्यात तो सोळा शर्यती धावला आणि सोळाही जिंकला. कुळी उत्तम, कर्तृत्व त्याहून उत्तम. यापेक्षा चांगला वळू कुठून आणणार?

पण सेंट लेजरच्या आधीच सरावात त्याच्या श्वासाचा आवाज यायला लागला होता. इंग्रजी तबेल्यांत अशा घोड्याला 'रोअरर' म्हणतात, म्हणजे डरकाळणारा. घोड्याच्या गळ्यातला आवाजाचा पडदा हलवणारी डावीकडची नस फार लांबून फिरून येते. मेंदूकडून निघते, छातीत उतरते, मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत गळ्याकडं चढते. ती निकामी झाली की श्वासनळीच्या तोंडाशी एक बाजू ढिली पडते. जोरात पळताना वारा अडतो आणि आवाज येतो. पाय कितीही चांगले असोत, वाराच मिळाला नाही तर घोडा काय करील? ऑर्मंडची हिंमत एवढी की दम अडत असतानाही पुढच्या वर्षी त्यानं मिंटिंगसारख्या तगड्या घोड्याला मानेच्या अंतरानं हरवलं. पण दोष तो दोषच. त्याची आई लिली ॲग्नेस हिलाही तोच दोष होता.

काळही मोठा अडचणीचा होता. देशातले घोडे बिघडत चालले आहेत, लष्कराला धड घोडे मिळत नाहीत, अशी ओरड तिकडं सुरू होती. 1887 मध्ये इंग्लंडात घोड्यांच्या पैदाशीवर सरकारी आयोग बसला. गावोगावी फिरणाऱ्या वळूंना बक्षिसाची रक्कम द्यायची, पण आधी डॉक्टरांनी तपासून निर्दोष ठरवलं तरच, असा पायंडा त्यातून पडला. श्वासाचा दोष असलेला घोडा त्यात बाद. अशा वेळी देशातल्या सगळ्यात नामांकित घोड्यालाच तो दोष.

ऑर्मंड थोडा काळ घरच्या स्टडवर राहिला आणि 1889 मध्ये ड्यूकनं तो बारा हजार पौंडांना अर्जेंटिनात विकला. बरीच माणसं नाराज झाली. ड्यूकची बाजू अशी की ही खोड इंग्लंडच्या घोड्यांत पसरायला नको. पुढं तो कॅलिफोर्नियातल्या एका माणसानं एकतीस हजारांवर पौंड मोजून घेतला. पण तोवर त्याची फळवायची ताकदच कमी झाली होती. शिंगरं थोडीच झाली. एवढी रक्कम मोजून हातात उरला तो मोठ्या नावाचा म्हातारा घोडा.

इथंच गोष्ट संपली असती तर 'पाय आणि दम बघा, कुळी सोडा' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण जायच्या आधी ऑर्मंडचा एक मुलगा घरी राहिला होता. त्याचं नाव ऑर्म. त्याची आई अँजेलिका ही सेंट सायमनची सख्खी बहीण. सेंट सायमन म्हणजे कधीही न हरलेला आणि नऊ वेळा पैदाशीत अव्वल ठरलेला वळू. ऑर्मचा मुलगा फ्लाइंग फॉक्स. त्यानं 1899 मध्ये आजोबासारख्याच तिन्ही शर्यती मारल्या. त्याच साली ड्यूक वारले. पुढच्या वर्षी फ्लाइंग फॉक्स साडेसदतीस हजार गिनींना फ्रान्सला गेला आणि तिथं त्याचा वंश भरभराटीला आला. म्हणजे ज्या रक्ताला ड्यूकनं दूर केलं, तेच रक्त नातवातून परत उभं राहिलं. फरक आईच्या बाजूनं पडला. दमाची खोड असलेल्या वळूला खोड असलेल्याच घराण्यातली घोडी दिली असती, तर काय झालं असतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता कागदाची गंमत. ऑर्मंडचा बाप बेंड ऑर डर्बी जिंकला, तेव्हाच हरलेल्या बाजूनं तक्रार केली होती की हा बेंड ऑर नाहीच, हा त्याच स्टडमधला टॅडकास्टर नावाचा घोडा. दोघंही एकाच वर्षाचे, तांबूस रंगाचे, एकाच बापाचे, फक्त आया वेगळ्या. पंचांनी तक्रार फेटाळली आणि वहीत नाव तसंच राहिलं. 2012 मध्ये संशोधकांनी जपून ठेवलेल्या सांगाड्याच्या हाडातून आईकडून येणारा वारसा तपासला. तो बेंड ऑरच्या कागदावरच्या आईशी जुळला नाही, टॅडकास्टरच्या आईशी जुळला. शिंगरं लहान असताना कधीतरी अदलाबदल झाली असणार. सव्वाशे वर्षं जगभरच्या शहाण्या माणसांनी त्या नावावर हिशेब मांडले, पैसे मोजले. घोडा खरा होता, शर्यत खरी होती, फक्त कागद चुकला होता. ही गोष्ट मी तात्यांना सांगितली तेव्हा ते तंबाखू मळता मळता एवढंच म्हणाले, "शिंगरू कुणाचं ते मोतद्दाराला ठावं असतंय. त्याला कुणी इचारलं आसंल व्हय?"

पण नुसते पाय बघूनही भागत नाही, याचाही दाखला आहे. अमेरिकेत 1977 साली डॅन्झिग नावाचा घोडा जन्मला. बाप नॉर्दर्न डान्सर, त्या काळचा सगळ्यात मोठा वळू. डॅन्झिग फक्त तीन शर्यती धावला. तिन्ही जिंकला आणि गुडघ्याच्या हाडाच्या दुखण्यानं थांबला. एकही मोठी शर्यत नावावर नाही, वर गुडघा अधू. आमच्या गावच्या बाजारात त्याला कुणी हात लावला नसता. पण केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मनं कुळी बघितली, तीन धावांतला वेग बघितला आणि त्याला वळू म्हणून ठेवलं. 1991 पासून सलग तीन वर्षं तो अमेरिकेतला अव्वल वळू ठरला. त्याच्या डेनहिल या मुलाचा वंश तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरला.

मग तात्यांचा हात खरा की कागद खरा? या दोन घोड्यांकडं नीट बघितलं तर विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात. खोड जन्माची की कामाची? कोवळ्या वयात दौड पडून गुडघ्याचं हाड दुखावणं वेगळं, आणि आईला होता तोच दोष लेकात दिसणं वेगळं. आईबाप, भाऊबहिणी किती वर्षं धावल्या आणि कशानं थांबल्या? कुळीचा कागद जिंकलेल्या शर्यती सांगतो, लंगडलेली भावंडं सांगत नाही, ती आपण शोधायची. वळूची आधीची शिंगरं असतील तर ती दहा ठिकाणी उभी राहून बघायची, कारण शिंगरू हीच खरी वंशावळ. आणि शेवटी आपली घोडी कशी? तिच्यात जे उणं आहे, तेच वळूत उणं असेल तर कितीही मोठ्या नावाला हात जोडून परत फिरायचं.

मोठ्या मालकाच्या चाळीस घोड्या असतात, त्यातला एक डाव फसला तर तो वहीत तोटा लिहितो. ज्याची एकच घोडी आहे, त्याची चार वर्षं जातात. आणि या हिशेबात कुणीच न धरलेलं एक देणं आहे, ते शिंगरू फेडतं. ज्याचे पाय जन्मतःच वाकडे त्याला तिसऱ्या वर्षी पूर्ण वजन घेऊन दौडवतात आणि पाय मोडला की त्याची सुटका एकाच मार्गानं होते. तात्यांनी असे घोडे जाताना बघितले होते. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. बापाचं नाव लावून आलेल्या शिंगराला स्वतःचे पाय निवडता येत नाहीत. ते निवडायचं काम वळू ठरवणाऱ्या माणसाचं असतं.