'केमोपेक्षा नैसर्गिक बरं' म्हणताय? मग नंदुरबारच्या मनसुख वाणींनी काय शोधलं ते वाचा

"केमो म्हणजे केमिकल. त्यापेक्षा रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावून खा. शुगर आणि कॅन्सर दोन्ही पळतात."

हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आतापर्यंत तीनदा आलाय. तुमच्याही आला असेल. आमच्या नाशिकमध्ये निम्म्या सोसायट्यांच्या गेटपाशी सदाफुली लावलेली असते, त्यामुळे असा मेसेज वाचून कुणाचाही हात कुंडीकडे जाऊ शकतो.

गंमत म्हणजे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. सदाफुलीत कॅन्सरवरचं औषध खरंच असतं. पण ते औषध म्हणजे केमोच. ज्या केमोला हा मेसेज नावं ठेवतोय, तीच केमो. हे कसं, ते कळायला आधी झाडाच्या बाजूने विचार करावा लागतो.

झाडाला पळता येत नाही

शेळी आली, अळी लागली, बुरशी चढली, तर झाड जागचं हलू शकत नाही. काही झाडांनी काटे काढले. पण बहुतेकांनी रसायनं बनवली. कुणी कडू, कुणी झोंबणारी, कुणी सरळ विषारी. झाडाच्या वाढीसाठी ती थेट लागत नाहीत, खाणाऱ्याला हाकलण्यासाठी लागतात.

याचा अनुभव आपण रोज स्वयंपाकघरात घेतो. कांदा अख्खा असतो तेव्हा डोळ्यांना काहीच होत नाही. कारण त्याने दारूगोळा दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलेला असतो. पेशीच्या एका भागात गंधकयुक्त पदार्थ, तर दुसऱ्या भागात अ‍ॅलिनेज नावाचं विकर. सुरी फिरली की पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही क्षणांत डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. आपण बरीच वर्षं समजत होतो की हे सगळं एकटं अ‍ॅलिनेजच करतं. 2002 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की त्या वायूसाठी कांद्यात आणखी एक वेगळं विकर असतं. या शोधाला 2013 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक मिळालं. लासलगावकरांना काही कुणी विचारलं नाही!

हे अस्त्र सगळ्यांवर चालतं असंही नाही. कांद्यावर फुलकिडे येतातच, शेतकऱ्याला फवारणी चुकत नाही. उलट जो कांदा आपण भाकरीबरोबर फोडून खातो, तो कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. पदार्थ तोच, शरीर वेगळं.

कडू दुधी: आजीचा नियम बरोबर होता

दुधी चिरल्यावर एक तुकडा चाखून बघायचा आणि कडू निघाला तर अख्खा टाकून द्यायचा, ही सवय अनेक घरांत आहे. काकडीचंही तेच. यामागे क्युकरबिटासिन नावाचा कडू पदार्थ आहे. या कुळातल्या रानटी वेलींमध्ये तो भरपूर असतो. माणसाने पिढ्यानपिढ्या गोड वेलींचं बी राखलं म्हणून आपला दुधी सौम्य झाला. तरी अधूनमधून एखाद्या फळात हा कडूपणा परत उतरतो.

भाजीत कडू दुधी आला तर आपण ताट बाजूला सारतो. गडबड होते ती 'हेल्थ ज्यूस'मध्ये. आरोग्यासाठी पितोय, म्हणजे कडू असणारच, असं समजून लोक डोळे मिटून ग्लास संपवतात. देशात अशा रसाने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब एकदम खाली जाणं असे प्रकार घडले, काही मृत्यूही झाले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास केला. सल्ला अगदी साधा होता: कडू लागला तर पिऊ नका, आणि पिऊन त्रास झाला तर लगेच हॉस्पिटल गाठा. या विषावर उतारा नाही. लिंबू, आवळा, पुदिना घालून चव झाकली तर धोका कळायचा एकमेव मार्गही बंद होतो.

द्राक्षाचं औषध होता होता राहिलं

नाशिकचा विषय आहे म्हणजे द्राक्ष आलंच. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की बागायतदाराची झोप उडते, कारण डाऊनी. बुरशीसारखा हा रोग पानांवर चढतो तेव्हा वेलही गप्प बसत नाही. ती रेस्व्हेराट्रॉल नावाचा पदार्थ बनवायला लागते. बुरशीचा हल्ला किंवा अतिनील किरणांचा मारा झाला की द्राक्षाच्या पानांत हा पदार्थ वाढतो, हे 1976 मध्ये संशोधकांनी मांडलं. म्हणजे हा तयार साठा नाही, हल्ला झाल्यावर भरायला घेतलेली बंदूक आहे.

1992 मध्ये हाच पदार्थ वाइनमध्ये सापडला आणि जगभर चर्चा सुरू झाली. फ्रेंच लोक एवढं चरबीयुक्त खाऊनही हृदयविकारापासून बचावतात ते रेड वाइनमुळे, असा अंदाज लोकप्रिय झाला. पुढे तो आयुष्य वाढवतो असंही म्हटलं गेलं. 2008 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने या विषयावर काम करणारी सर्ट्रिस ही कंपनी 72 कोटी डॉलरला विकत घेतली. मग रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकारावर रेस्व्हेराट्रॉलच्या रूपाची चाचणी झाली, रोज 5 ग्रॅमचा डोस. काही रुग्णांच्या किडनीवर परिणाम दिसला आणि चाचणी थांबवली गेली. 2014 मध्ये इटलीतल्या कियान्ती भागातल्या 783 वयस्कर लोकांचा अभ्यास आला. ज्यांच्या शरीरात हा पदार्थ जास्त जात होता, ते जास्त जगले किंवा त्यांचं हृदय जास्त ठणठणीत राहिलं, असं काही दिसलं नाही.

आणि तो 5 ग्रॅमचा डोस? वाइनच्या एका लिटरमध्ये 5 मिलिग्रॅम धरला, तरी रोज 1000 लिटर प्यावी लागेल. वाइन टूरवाल्यांनी हा आकडा मनावर घेऊ नये.

सदाफुली: शोधायला गेले मधुमेहाचं औषध

आता त्या मेसेजकडे येऊ. सदाफुली मूळची मादागास्करची. अनेक देशांत लोक तिचा काढा मधुमेहावर घेत. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी ते तपासायला घेतलं. पानांचा अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, साखरेवर काहीच परिणाम नाही. मग अर्क टोचला. साखर तरीही तिथेच, पण उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. रक्त पाहिलं तर पांढऱ्या पेशी कमालीच्या घटल्या होत्या.

इथे दुसऱ्या कुणी फाइल बंद केली असती. यांनी विचार केला की पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच तर ल्युकेमिया, मग त्या घटवणारा पदार्थ कामाचा ठरू शकतो. त्यातून विनब्लास्टिन मिळालं, पाठोपाठ एली लिली कंपनीच्या संशोधकांनी विनक्रिस्टिन वेगळं केलं. लहान मुलांच्या ल्युकेमियावर इतर औषधांबरोबर आजही विनक्रिस्टिन दिलं जातं.

पण एक ग्रॅम विनक्रिस्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. ते फक्त शिरेतून देतात. चुकून मणक्याच्या पाण्यात गेलं तर जीवघेणं ठरतं. चार पानं चावून त्यातलं नेमकं किती पोटात गेलं, हे कुणीही सांगू शकत नाही, आणि पानांत बाकीचे डझनावारी अल्कलॉइड असतात ते वेगळंच.

नंदुरबार ते नॉर्थ कॅरोलिना

ज्या माणसासाठी मला हा लेख लिहायचा होता, त्यांचं नाव मनसुख वाणी. जन्म 1925, नंदुरबार. नाशिक विभागातलंच गाव, पण शाळा-कॉलेजात मी त्यांचं नाव कधीच ऐकलं नाही. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, मुंबईत काही वर्षं शिकवलं, मग अमेरिकेत डॉक्टरेट केली आणि 1962 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या टीममध्ये गेले.

अमेरिकेची राष्ट्रीय कॅन्सर संस्था तेव्हा हजारो वनस्पतींचे अर्क तपासत होती. वॉल आणि वाणी त्यातले प्रभावी अर्क घेऊन नेमकं काम करणारा एकच रेणू वेगळा काढत. 1966 मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढल्याचं जाहीर केलं. 1971 मध्ये पॅसिफिक यू झाडाच्या सालीतून टॅक्सॉल. आज कॅन्सर वॉर्डात 'पॅक्लिटॅक्सेल' लिहिलेली बाटली दिसते ना, तेच टॅक्सॉल. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर ते जगभर वापरलं जातं. ज्या टीमने एक असं औषध शोधलं ती भाग्यवान म्हणायची, यांनी दोन शोधली.

कॅम्प्टोथेसिनचा रस्ता मात्र खडतर होता. 1970 च्या सुरुवातीला ते रुग्णांवर तपासलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव, जुलाब, रक्तपेशी घटणं असे गंभीर त्रास झाले आणि चाचण्या बंद पडल्या. दशकभर ते कपाटातच राहिलं. 1985 मध्ये ते नेमकं काय करतं ते कळलं. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो. ते काम टोपोआयसोमरेज-1 हे विकर करतं: धागा कापायचा, पीळ सोडायचा, परत जोडायचा. कॅम्प्टोथेसिन त्याला कापल्यानंतर तिथेच अडकवून ठेवतं. धागा तुटलेलाच राहतो आणि पेशी मरते. हे समजल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी मूळ रेणूत बदल करून पाण्यात विरघळणारी, त्रास आटोक्यात ठेवता येईल अशी औषधं बनवली. टोपोटेकन आणि इरिनोटेकन या दोघांना 1996 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पहिलं अंडाशयाच्या आणि दुसरं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. झाडातला रेणू सापडल्यापासून 30 वर्षं.

तेच औषध आपल्या सह्याद्रीत

हे चिनी झाड आपल्याकडे नाही. पण 1972 मध्ये गोरेगावच्या सिबा रिसर्च सेंटरमधले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवलं की हाच पदार्थ सह्याद्रीतल्या एका साध्या दिसणाऱ्या झाडात आहे. नाव नरक्या. काही जण त्याला अमृता म्हणतात. एकाच झाडाला नरक आणि अमृत! फुलांना घाण वास येतो, शास्त्रीय नावातही पूर्वी 'दुर्गंधी' अर्थाचा लॅटिन शब्द होता. महाबळेश्वर, कोयना, आंबोली या पट्ट्यात हे झाड आढळतं.

मग प्रश्न येतो, जे विष प्रत्येक पेशीतल्या विकराला अडकवतं, ते झाडाला स्वतःला का मारत नाही? 2008 मध्ये जपानी संशोधकांनी कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पतींचं टोपोआयसोमरेज तपासलं. त्यात एका ठराविक जागी एक अमिनो आम्ल बदललेलं होतं, त्यामुळे विष तिथे नीट बसत नाही. आणि नेमका हाच बदल औषधाला दाद न देणाऱ्या मानवी कॅन्सर पेशींमध्ये आधीच सापडला होता. झाडाने स्वतःला वाचवायला जी युक्ती केली, तीच ट्यूमरही करतो.

नरक्याला स्वतःच्या विषापासून धोका नाही, धोका आपल्यापासून आहे. वाळलेल्या लाकडात कॅम्प्टोथेसिन साधारण 0.1 टक्का, कधी थोडं जास्त. म्हणजे एक किलोसाठी जवळपास एक टन लाकूड. इरिनोटेकन आणि टोपोटेकन बनवायला अजूनही मूळ पदार्थ झाडातूनच घेतला जातो. मुळांतही तो भरपूर असतो, त्यामुळे चोरटे नुसतं खोड कापत नाहीत, झाड मुळासकट उपटतात. मग परत फुटायला काही उरतच नाही. कोल्हापूर, सिंधुदुर्ग भागात नरक्याचा चोरटा साठा वनविभागाने पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि स्थानिक पानावर एका कॉलमात संपतात.

वाणी 2020 मध्ये 95 व्या वर्षी अमेरिकेत गेले. करोनाच्या पहिल्या लाटेतल्या त्या एप्रिलमध्ये आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही.

मग ग्रुपवर काय उत्तर द्यायचं?

कुणी घरात केमो घेत असेल आणि सोबत काढा, पावडर, ज्यूस सुरू असेल, तर तो लपवू नका. डॉक्टर ओरडतील म्हणून अनेक जण सांगत नाहीत, आणि सगळ्यात मोठी चूक तीच. याचं एक उदाहरण थेट वाणींच्या रेणूचंच आहे. युरोपात सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदास मनःस्थितीवर घरगुती औषध म्हणून घेतात. 2002 च्या एका छोट्या अभ्यासात इरिनोटेकन घेणाऱ्या रुग्णांना ती सोबत दिली गेली. शरीरात औषधाचं जे प्रभावी रूप तयार होतं, त्याचं प्रमाण 42 टक्क्यांनी घटलं. ती वनस्पती यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात चालवते, म्हणून असं झालं. रुग्णाला वाटतं केमो पूर्ण चालू आहे, प्रत्यक्षात अंगी लागते निम्म्याहून जराशी जास्त.

म्हणून पुढच्या तपासणीला जाताना घरात जे काही सुरू आहे, त्याच्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून सोबत न्या. नाव माहीत नसेल तर फोटो काढा. सदाफुली कुंडीत छान दिसते, ती तिथेच राहू द्या.