बिगरडिग्रीच्या हातांचा इतिहास

आमगावच्या आमच्या वस्तीतल्या एका माणसाचं काम सुटलं. वय सेहेचाळीस. शिक्षण नववी नापास. एका राईस मिलमध्ये बावीस वर्षं हमाली केली. मालकानं नवं यंत्र आणलं, दहा माणसांचं काम चौघांवर आलं, आणि ज्यांचे गुडघे आधी दुखायला लागले होते त्यांना आधी घरी बसवलं. हा माणूस रविवारी विहारात आला. हातात कोरा कागद. आमच्या पोरांना म्हणाला, "बाबू, ते बायोडाटा का म्हणते ते लिहून दे ना मले."

आमचा एक बी.ए. झालेला कार्यकर्ता हसला. म्हणाला, "काका, लिहू काय त्याच्यात?"

माणसानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि वंदनेला बसला. ते हसू मला झोंबलं. कारण तसं मीही कधीतरी हसलो आहे. आपल्या चळवळीनं लेकरांना 'शिका' म्हणून सांगितलं, ते बरोबरच सांगितलं. पण ज्याचं शिकायचं वय गावकीनं आणि गरिबीनं खाल्लं, त्या चाळिशीतल्या माणसाला आपण काय सांगतो? काहीच नाही. म्हणून त्याच्या कागदावर काय लिहायचं, ते शोधायला मी मागं गेलो.

पहिली गोष्ट. आपला माणूस अडाणी आणि बिनकसबी होता, ही थाप आहे. नागपूर-भंडाऱ्याकडचा महार गावाची राखण करायचा, सांगावे पोचवायचा, मेलेली ढोरं ओढायचा, हे सगळे सांगतात. तो विणकर होता, हे कोणी सांगत नाही. जाडंभरडं टिकाऊ कापड विणणं हा या मुलखात महारांचा मोठा धंदा होता. इंग्रज अमलदारांनी जातींची माहिती गोळा केली, त्यातही हे नोंदलेलं आहे. शेतकऱ्याच्या अंगावरचं धोतर आणि बाईचं लुगडं आपल्या मागावरचं असायचं. सूत पाजणं, ताणा लावणं, धोटा फेकणं ही विद्या होती. तिची डिग्री नव्हती, एवढंच.

मग 1 जानेवारी 1877 ला नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे निघाली. आपलं आमगाव याच रस्त्यावरचं स्टेशन. गाडीनं इथलं धान बाहेर नेलं आणि बाहेरचं गिरणीचं स्वस्त कापड आत आणलं. त्यात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पडले. जिथं पोटाला नाही तिथं लुगडं कोण घेणार? माग बंद पडले. चाळीस वर्षांचा विणकर, ज्याला दुसरं काही शिकवलेलं नाही, तो रस्त्यावर आला. कोणी रेल्वेच्या रुळावर खडी फोडायला गेला, कोणी मँगनीजच्या खाणीत उतरला, कोणी नागपूरच्या गिरणीचा रस्ता धरला. ही आपली पहिली मोठी 'नोकरीबदल'. तिला कोणी इतिहास म्हणत नाही, कारण त्या माणसांनी अर्ज लिहिले नव्हते. पायांनी चालत गेले होते.

आणि गिरणीत काय झालं? मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट ऐका. विणाई खात्यात पगार जास्त. तिथं अस्पृश्याला बंदी. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो, मग सवर्ण कामगार बाटतो. म्हणजे ज्याचा बाप विणकर, त्यालाच मागापाशी उभं राहायला मनाई. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. ही बंदी उठवायची मागणी घ्या, नाहीतर आमच्या लोकांनी तुमच्या संपात का यावं? पुढाऱ्यांनी नाखुशीनं मागणी घेतली. तेव्हा ध्यानात घ्या, काम न मिळण्याचं कारण दर वेळी 'शिक्षण कमी' हे नसतं. कसब हातात असतं आणि दार बंद असतं.

दुसरी गोष्ट बाबासाहेबांच्या घरातली. सुभेदार रामजी सकपाळ पलटणीतल्या शाळेत मास्तर होते. पलटणीनं आपल्या बापजाद्यांना अक्षर दिलं. तीच पलटण 1890 च्या सुमारास सरकारनं महारांना बंद केली. त्याच दशकात रामजी निवृत्त झाले. घरात लेकरं, वय उतरणीला, हातात कॉलेजची पदवी नाही. त्यांनी साताऱ्याला बांधकाम खात्यात कोठाराची नोकरी धरली. पुढं खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदणं चाललं होतं, तिथं ते खजिनदार होते. 1901 मध्ये त्यांनाच भेटायला निघालेल्या लेकरांना मसूर स्टेशनावर गाडीवान मिळेना, जात कळल्यावर गाडी कोणी हाकेना, हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपण तो प्रसंग भाषणात सांगतो, डोळे पुसतो. पण त्या प्रसंगाच्या मागं एक बाप उभा आहे, उतारवयात घरापासून लांब दुसरी नोकरी करणारा. तो घरी हात बांधून बसला असता तर पुढचं काय झालं असतं, ज्यानं त्यानं विचार करावा.

तिसरी गोष्ट बिडीची. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या जंगलात तेंदूपत्ता. शेती एका पिकाची, धान कापलं की हात रिकामे. म्हणून घरोघरी सुपडं आलं. माग गेला आणि त्याच्या जागी मांडीवर बिडी आली. माय बिडी वळायची, लेक धागा बांधायची. सट्टेदार माल घ्यायचा, छाट काढायचा, छाटाचे पैसे द्यायचा नाही. बिडी मात्र ठेवून घ्यायचा.

या लुटीविरुद्ध पहिल्यांदा ज्यांनी माणसं गोळा केली, त्यात कामठीचे बाबू हरदास एल. एन. होते. जन्म 1904. 'जयभीम' हा शब्द आपण रोज तोंडात घेतो, तो त्यांनी रूढ केला, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यांनी बिडी कामगारांचा संघ बांधला, ठेकेदाराला वगळून सहकारानं धंदा करायची खटपट केली, कामठीत रात्रीची शाळा चालवली, हे कमी जणांना माहीत असतं. 1937 ला स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्यप्रांताच्या विधानसभेत निवडून गेले. 1939 च्या जानेवारीत क्षयानं गेले, पस्तिशी गाठेपर्यंत. रात्रशाळा आणि संघ एकाच माणसानं एकाच वेळी चालवला, हे ध्यानात ठेवा. दिवसा हजेरीचा हिशेब मागायचा आणि रात्री अक्षर गिरवायचं. आपण या दोन कामांची फारकत केली.

पुढं कायदे झाले. 1943 मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना, केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी 8⅓ टक्के जागा राखल्या गेल्या आणि वयाची अट तीन वर्षांनी सैल झाली. त्या तीन वर्षांचा अर्थ काय? उशिरा शाळेत गेलेल्या पोराचं वय त्याचा गुन्हा नाही, हे सरकारला कबूल करावं लागलं. 1966 ला बिडी कामगारांचा कायदा आला. 1985 ला सुप्रीम कोर्टानं घरी बसून बिडी वळणाऱ्यालाही प्रॉव्हिडंट फंडाचा हक्क मान्य केला. म्हणजे मायच्या मांडीवरचं सुपडं हा कारखाना ठरला.

आणि 14 ऑक्टोबर 1956. नागपूरच्या त्या दिवसाकडं आपण धर्माच्या अंगानं पाहतो. पोटाच्या अंगानंही पाहा. दीक्षा घेऊन गावात परतलेल्या माणसांनी ढोर ओढणं सोडलं, डफडं टाकलं, गावकीची कामं नाकारली. त्यात तरणी पोरं होती, तशी चाळिशी-पन्नाशीतली माणसंही होती. त्यांच्याकडं पदवी नव्हती, दुसऱ्या कामाची हमी नव्हती. गावानं भाकर बंद केली, काही ठिकाणी वाट बंद केली. तरी त्यांनी आधी काम सोडलं आणि मग दुसरं शोधलं. जगाच्या इतिहासात असा नोकरीबदल कुठं झाला असेल, तर मला दाखवा.

आता आजचं. बिडी बसत चालली. एम्प्रेस मिल 2002 ला कायमची बंद झाली. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या शिपाई-हमालाच्या जागेलाही दहावी लागायला लागली, म्हणजे नववी नापास माणसाला जो खालचा दरवाजा होता तोही लागला. 2016 ला महाराष्ट्र सरकारनं नोकरीची वयोमर्यादा मागासवर्गीयांना त्रेचाळीसपर्यंत नेली. आमचा माणूस सेहेचाळीसचा. तीन वर्षांनी हुकला.

म्हणून मी त्या पोराला घेऊन त्याच्या घरी गेलो. म्हटलं, तू विचार, तो सांगेल, मी लिहितो. धान दाताखाली धरून ओलावा सांगतो. कणी किती पडेल ते पोत्यात हात घालून सांगतो. ट्रकची थप्पी अशी लावतो की घाटात माल सरकत नाही. रोजची आवक-जावक तोंडपाठ. दोन वेळा पट्टा तुटला तेव्हा मेकॅनिक यायच्या आधी यानंच जोडला. कागद भरला. मागच्या बाजूला लिहावं लागलं. पोरगं मान खाली घालून बसलं होतं.

काम अजून मिळालं नाही, खोटं कशाला सांगू? दोन ठिकाणी कागद दिला. एका ठिकाणी रात्रपाळीच्या चौकीदारीचं बोलणं चालू आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचं त्यानं कबूल केलं आहे. म्हणतो, "नातवासंगं बशीन." बी.ए. झालेलं आमचं पोरगं त्याला गणित शिकवते.

मित्रहो, आपल्या प्रत्येक वस्तीत असे दहा-वीस जण आहेत. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेनं एवढं करावं. घरोघर जाऊन त्यांचं कसब लिहून काढा. ज्यांचा फंड, ज्यांची हजेरी मालकाकडं अडकली आहे त्यांचे कागद गोळा करा. विहारात रात्री दोन तास दिवा जाळा. भाषणं कमी झाली तरी चालतील.

आणि कोणी कोरा कागद घेऊन आला, तर हसू नका. खाली बसा, आणि विचारा.

जयभीम.